शेवटचं आडनाव

वाचनालयातले गायकवाड काका गेल्याची बातमी मोबाईलवर आली आणि मी ती खरी मानली नाही. वेल्ह्याच्या शाळेतल्या आम्हा जुन्या मुलामुलींचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज कुणी ना कुणी कुणाला तरी मारत असतं. मागच्या वर्षी आमच्या पीटीच्या सरांना सगळ्यांनी हात जोडून श्रद्धांजली वाहिली आणि संध्याकाळी सरांनीच खाली 'सर्वांचा आभारी आहे' असं लिहिलं. त्यामुळे मी आधी तिघांना फोन केले. पहिल्याला काही माहीत नव्हतं, दुसरा म्हणाला ऐकलंय खरं, आणि तिसरा काकांच्याच गावचा, भोंगवलीचा होता, तो वैतागून म्हणाला, "आवो मॅडम, म्या सोता खांदा दिलाय. आता आणिक काय पायजे तुमास्नी?" तेव्हा कुठं माझी खात्री पटली. हा माझा स्वभावच आहे. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचंही पहिलं बोलणं मला खरं वाटत नाही. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी गेले शाळेत, मराठी शिकवायला... पण संशय घ्यायला मला शिकवलं दोन माणसांनी. एक हे काका आणि दुसरी माझी आत्या. या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही, असं मी अगदी गेल्या महिन्यापर्यंत धरून चालले होते.

जलदानविधीला मी भोंगवलीला गेले. एसटीनं किकवीला उतरले, पुढं एका टेम्पोवाल्यानं शेजारी बसवून घेतलं. गाडी सुरू व्हायच्या आत त्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय? गायकवाडांच्यात? कुठल्या गायकवाडांच्यात?" मी म्हटलं, "जे वारलेत त्यांच्यात." मग त्यानं गाडी सुरू केली. दारात मंडप होता, वंदना चालली होती, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी सरकून मला जागा करून दिली. काकांची मुलगी सुजाता, भोरला एका दवाखान्यात नर्स आहे, ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पर्समधली बाटली वर करून दाखवली आणि म्हटलं, "आहे माझ्याकडे." हल्ली सगळेच बाटली बाळगतात. माझा घसा नाजूक आहे, डॉक्टरांनी उकळलेलं पाणी प्यायला सांगितलंय, हेही खरं आहे. पण सुजाता वळता वळता त्या बाटलीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, का मलाच तसं वाटलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाकीच्या जगाचा संशय घेणाऱ्या माणसाला कधीतरी स्वतःचाही येतो, तसा मला तिथं बसल्या बसल्या आला.

मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. वडिलांचं वेल्ह्याच्या बाजारात बी-बियाणांचं दुकान होतं. घरात आम्ही तिघं आणि द्वारकाआत्या. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली ती कायमची. सासरचं आडनावसुद्धा तिनं टाकून दिलं होतं, जगताप म्हणूनच सही करायची. गुडघे गेलेले, त्यामुळे उंबऱ्याबाहेर जाणं नाही. शिक्षण सातवी, आणि वाचायचं वेड एवढं की किराणा मालाच्या पुडीचा कागदही सरळ करून वाचल्याशिवाय चुलीत घालायची नाही. तिला कादंबऱ्या आणून देणं हे माझं काम. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी दप्तरासकट वाचनालयात. कचेरीच्या पलीकडं एका खोलीत ते होतं. चार कपाटं, एक बाक, खिडकीतून दिसणारा तोरणा आणि टेबलामागं गायकवाड काका. आठवडाभर मागच्याच खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावाकडं जायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की समोरचा पुस्तक चोरायलाच आलाय.

काकांचा कुणावरही विश्वास नव्हता. पुस्तक देताना पानं मोजायचे, परत घेताना पुन्हा मोजायचे. "मोजून देतो, मोजून घेतो, मागनं भांडान नको," हे त्यांचं रोजचं वाक्य. परत आलेलं पुस्तक आधी नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "कालवण कुणी खाल्लं ह्याच्यावर?" गावातल्या बायका दिवाळी अंकातली फराळाची पानं फाडून ठेवतात असा त्यांना दाट संशय होता. तो खोटा नव्हता, आमच्या आईच्या मसाल्याच्या डब्याखाली तसली तीन पानं मीच पाहिली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असे. पुस्तक नेणाऱ्यानं त्यावर नाव, तारीख घालायची. बाकावर बसून वाचलं तरी सही करायला लावायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "हात लावला ना? मग नाव लाव."

आता आत्याचा नियम सांगते. पुस्तक उचललं की आधी शेवटचं पान उघडायचं आणि आपल्या आधी कुणाकडं जाऊन आलंय ते आडनाव बघायचं. चालण्यासारखं असलं तर आणायचं, नसलं तर खाली ठेवायचं. कुठली आडनावं चालतात आणि कुठली नाही, हे तिनं मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. कांबळे नाही. मुलाणी नाही. तांबोळी नाही. जी दोन्हीकडं असतात, जाधव म्हणा, गायकवाड म्हणा, ती विचारून. या कामात मी इतकी तरबेज झाले होते की कादंबरीचं नाव वाचायच्या आधी माझा अंगठा शेवटच्या पानावर गेलेला असायचा. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. तांदूळ निवडतात, तशी मी पुस्तकं निवडत होते. उलट, एवढं जोखमीचं काम घरानं माझ्यावर सोपवलंय याचा मला केवढा अभिमान होता.

काका नवीन नवीन वाचनालयात आले तेव्हा आत्यानं त्यांचीही चौकशी माझ्याकडूनच करून घेतली होती. मी टेबलाशी उभी राहून विचारलं, "काका, आत्यानं विचारलंय, तुमी कुठले गायकवाड?" ते म्हणाले, "भोंगवलीचे." मी घरी येऊन सांगितलं. आत्याच्या एका चुलतबहिणीची सोयरीक त्या अंगाला कुठंतरी झालेली होती, तेवढ्यावरून तिनं स्वतःच ठरवून टाकलं की हे आपल्यातले. आत्या एरवी माणसाला मामाचं आडनाव विचारल्याशिवाय चहा देत नसे. त्या दिवशी तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही, कारण नव्या कादंबऱ्यांची पेटी आली आहे असं मी तिला त्याच दमात सांगितलं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की काका पास झाले.

मग एका शनिवारी काकांनी मला पकडलं. मी नेहमीप्रमाणं पुस्तक उलटं धरून शेवटचा कागद बघत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मागनं काय वाचती गं तू दर खेपेला?" लपवायचं असतं हे मला माहीत असतं तर मी लपवलं असतं. मी म्हटलं, "आडनाव." ते म्हणाले, "आन् कुठलं चालत न्हाई?" मी हात मागं बांधून, वर्गात म्हणतात तशी सगळी यादी घडाघडा म्हणून दाखवली. शेवटी आलं गायकवाड, विचारून. काका म्हणाले, "आरं तिच्या, मग मी बी गायकवाडच की. माझं कसं?" मला वाटलं यांना वाईट वाटतंय, यांना धीर द्यावा. मी म्हटलं, "तुमचं विचारलंय आत्यानं. तुमी चालता."

तुमी चालता... हे वाक्य मी खूश होऊन बोलले होते, बक्षीस दिल्यासारखं. काकांनी कपाळावरचा चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "आत्याला सांग, लई आभारी हाये." उठून त्यांनी चौथं कपाट उघडलं, ज्याला कुलूप असायचं, आणि निळ्या कापडाची बांधणी केलेलं एक पुस्तक काढलं. वरचं मुखपृष्ठ कधीच गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. एके काळी फार गाजलेली कादंबरी आहे, एवढंच ते म्हणाले. मी शेवटचा कागद बघितला. शेवटची सही त्यांचीच होती, गायकवाड. चालत होती. मी पुस्तक नेलं.

ती कादंबरी एक नऊ वर्षांची मुलगी सांगते. नदीकाठचं गाव, पूल नाही, एकच नाव आणि एकच नावाडी. मुलगी रोज नावेतून पलीकडच्या शाळेत जाते आणि तिला एक कोडं पडलेलं असतं, नाव सदा एका अंगाला का कलते? तिला वाटतं, सुतारानं ती वाकडी बांधली. ती नावाड्याला सांगते, दुरुस्त करून घे. सुताराला जाऊन भांडते. नाव कलती आहे म्हणून एकदा एक म्हातारी पाण्यात पडते, तेव्हा सगळं गाव नावाड्याला शिव्या घालतं आणि मुलगीही घालते. अख्ख्या पुस्तकात लेखकानं जात हा शब्द वापरलेला नाही. कोण कुठं बसलं, कुणी पदर कुणीकडं ओढून घेतला, नावाड्याच्या शेजारची फळी कशी रिकामी राहिली, एवढंच मुलगी सांगत राहते. तिला कळत नाही, वाचणाऱ्याला मात्र दहाव्या पानाला कळतं. मलाही कळलं. आत्या दुपारी डोळा लागून पडली की तिच्या उशाशी बसून मी तिच्यामागून वाचत होते. पुढच्या शनिवारी काकांनी विचारलं, "कशी हाये कादंबरी?" मी म्हटलं, "त्यातली पोरगी येडी हाये. तिला एवढं पण कळंना, समदी एका अंगाला बसत्यात म्हणून नाव कलती." काका म्हणाले, "व्हय? तू शानी हायेस. मग आता सांग, का बसत्यात?" मी दप्तर उचलून दाराकडं निघाले. ते म्हणाले, "घाई न्हाई. सांग कवातरी."

त्याच आठवड्यात किकवीचे एक पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडं आले. चहा पिता पिता त्यांनी आत्याच्या मांडीवरचं पुस्तक बघितलं आणि म्हणाले, "वाचनालयातलं वाटतं. तिथं ते भोंगवलीचे गायकवाड हायेत न्हवं? बौद्धवाडीतले. लई हुशार माणूस." पाहुणे चांगलंच बोलत होते, त्यांना वाटलं आत्याला बरं वाटेल. पाहुणे गेल्यावर तिनं खुणेला घातलेली केरसुणीची काडी पुस्तकातून काढून टाकली, पुस्तक मिटलं आणि हात धुवायला मोरीत गेली. परत आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "फसवलं गं त्यानं आपल्याला." साठ पानं राहिली होती. मला आठवतं, तिनं ते पुस्तक स्वतः परत हातात घेतलं नाही. वर्तमानपत्राचा कागद टाकला आणि मला म्हणाली, "ह्यात गुंडाळ आणि देऊन ये. परत आणू नको."

मी गेले. काकांनी वर्तमानपत्र सोडलं, घडी घालून बाजूला ठेवलं. "वाचून झालं आत्याचं?" मी म्हटलं, "न्हाई. साठ पानं राहिलीत." "मग?" मला निरोप जसाच्या तसा पोचवायची सवय होती. मी म्हटलं, "आत्या म्हणती, तुमी न्हाई चालत." काकांनी पुस्तक पुढ्यात घेतलं आणि पानं मोजायला लागले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक एक. मी टेबलाशी उभी. एवढ्या सावकाश पानं मोजताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "बरोबर हायेत." आणि मग, "एक सांग, तोंडानं सांगितलेल्या गोष्टीला तर इटाळ न्हाई ना?" मी मनातल्या मनात सगळी यादी तपासली. त्यात गोष्टीबद्दल काही नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई." "मग बस बाकावर. ऱ्हायलेली पानं तू वाच आन् घरी जाऊन आत्याला सांग. आन् बसायच्या आधी सही कर."

शेवट असा होता. पुराच्या पाण्यात नाव निघते, माणसं नेहमीप्रमाणं एका अंगाला दाटीवाटीनं, नाव पाणी घ्यायला लागते. मुलगी उठते आणि नावाड्याशेजारच्या रिकाम्या फळीवर जाऊन बसते. तिचं बघून दुसरं पोर, मग तिसरं. नाव सरळ होते. सगळे पलीकडं सुखरूप उतरतात, आणि काठावर पाय टेकल्या टेकल्या आई मुलीच्या थोबाडीत मारते. तिथंच कादंबरी संपते. हा शेवट वाचून मला भीती वाटली. हे आत्याला सांगितलं तर ती मलाच मारेल असं वाटलं. म्हणून घरी येईपर्यंत मी शेवट बदलला. सांगितलं की नावाडी हा पाटलाचाच लहानपणी हरवलेला मुलगा निघतो, त्याच्या दंडावरच्या खुणेवरून पाटलीणबाई त्याला ओळखते, आणि मग त्याच्या शेजारी बसायला कुणाची हरकत राहत नाही. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "मला वाटलंच होतं. वागण्यावरनंच कळत होतं त्याच्या, चांगल्या घरचा असणार म्हणून." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दहावीपर्यंत हेच चाललं. आमच्या घरात वाचनालयाचं पुस्तक आलं नाही, पण दर शनिवारी मी बाकावर बसून वाचायची आणि संध्याकाळी तिला सांगायची. काका निघायच्या आधी माझी उजळणी घ्यायचे. "आसं सांगशील तर आत्या झोपल. पयल्यांदा कोन आलं ते सांग, मग काय झालं ते." माझ्या शिकवण्याचं लोक आज कौतुक करतात, ते बी.एड.मधून आलेलं नाही, त्या बाकावरून आलंय. पण मी इतकी वर्षं काकांचा संशयच घेत आले. हा माणूस आमच्यासाठी इतकं का करत होता? आपल्याला ज्यांनी 'चालत नाही' म्हणून निरोप पाठवला, त्यांच्या घरी दर आठवड्याला गोष्ट पाठवायची, ती का? दया म्हणून, का जिंकायचं म्हणून? का मनातल्या मनात हसत होते आम्हाला? आणि 'भोंगवलीचे' म्हणून ते थांबले, ते मुद्दाम ना? आत्याचं 'फसवलं' माझ्या डोक्यातून कधी पूर्ण गेलं नाही, हे कबूल करते. विचारलं तेवढंच त्यांनी सांगितलं होतं, फसायला आम्हीच उतावीळ होतो, हे उलगडायला मला चाळिशी यावी लागली.

शाळेत असल्या कादंबऱ्यांवर मी उत्तरं लिहून दिली आहेत. 'बालमनाच्या निरागस दृष्टीतून लेखकाने सामाजिक विषमतेचे प्रभावी दर्शन घडवले आहे.' हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं. निरागस या शब्दावर माझा मुळीच विश्वास नाही. मी दहा वर्षांची होते आणि माझ्याकडं पाठ केलेली यादी होती. लहान मूल निर्मळ असतं म्हणून लेखक त्याच्या डोळ्यांनी बघत नाही. मूल शिकवलेलं सगळं लाज न बाळगता बोलून दाखवतं, म्हणून बघतो. मोठी माणसं बाटली दाखवतात आणि डॉक्टरांचं नाव सांगतात. मूल सरळ म्हणतं, तुमी चालता. मुलांना मात्र मी हे कधी सांगितलं नाही. फळ्यावरचं वाक्य पुसलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहिलं.

काकांना शेवटचं भेटले ती भोरच्या स्टँडवर, दोनेक वर्षांपूर्वी. काठी आली होती, शर्ट तसाच इस्त्रीचा. मला ओळखलं, नावानं हाक मारली. आत्या जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तिचं विचारलं आणि 'लई वाचनारी बाई' म्हणाले. मला हे बोलणं विचित्र वाटलं, हिला यांनी कुठं बघितलं, पण म्हटलं म्हाताऱ्या माणसाला काय. मग एकदम म्हणाले, "एक उत्तर ऱ्हायलंय माझं तुझ्याकडं. का बसत्यात?" मी म्हटलं, "काका, बस लागली माझी," आणि उठले. बस लागलेली नव्हती. मी कोपऱ्यावर जाऊन रसवंतीच्या मागं वीस मिनिटं उभी राहिले. साठीच्या उंबऱ्यावरची बाई मी, तिथं तोंड लपवून उभी. याची मला फार लाज वाटते, आणि ही लाज त्यांच्या हयातीत त्यांच्यापुढं घालायची होती, ते राहून गेलं.

तर भोंगवलीला विधी उरकले, जेवणं झाली, मंडप रिकामा झाला. सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. "तुमी शैलाताई ना, वेल्ह्याच्या? आबांनी तुमच्यासाठी एक पुस्तक काढून ठेवलंय." लगेच माझ्या मनात आलं, माझ्यासाठी का? काय लिहून ठेवलं असेल? तिनं निळ्या कापडाचं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. वाचनालयानं जीर्ण म्हणून बाजूला काढलेल्या पुस्तकांतून त्यांनी ते मागून घेतलं होतं. मी ते हातात घेतलं आणि माझा अंगठा... मी सांगितलं नव्हतं त्याला. तो आपोआप शेवटच्या पानावर गेला आणि मी शेवटचं आडनाव बघितलं.

जगताप होतं ते. माझ्या बाकावरच्या सहीच्या खाली, दहा-बारा दिवसांनंतरच्या तारखेला, वळणदार, जरा कापऱ्या अक्षरात, द्वारका जगताप. पुडीच्या कागदांवर मागं हिशेब लिहायची तेच अक्षर. मी म्हटलं, "हे कुणी केलंय?" सुजाता हसली. "त्या आल्या व्हत्या म्हनं एकदा. भर दुपारच्याला, भिंतींना धरत धरत. आबा लई येळा सांगायचे. आत येऊन म्हनल्या, मला ते नावंचं पुस्तक द्या, पोरीनं शेवट खोटा सांगितलाय. मग बाकावर बसून ऱ्हायलेली साठ पानं वाचली. आबांनी सही घेतली. आन् जाताना त्यांनी आबांकडं पानी मागितलं."

माझा विश्वास बसला नाही. आमची आत्या? मी विचारलं, "प्यायली?" सुजाता म्हणाली, "मी बी तेच इचारायची. आबा म्हनायचे, मी तांब्या दिला आन् पुस्तकाची पानं मोजीत बसलो. माझं ध्यान न्हवतं तिकडं."

काकांचं ध्यान नव्हतं. कालवणाचा वास पुस्तकातून काढणाऱ्या माणसाचं ध्यान नव्हतं... मी मंडपात बसून रडले, आणि खरं सांगते, आधी राग आला. आत्याचा. तिला सगळं कळलं होतं. मी शेवट बदलला तेही, आणि का बदलला तेही. तरी घरी येऊन ती तशीच दर शनिवारी डोळे मिटून माझ्या गोष्टी ऐकत राहिली, आणि माझ्या डोक्यातली यादी तिनं पुसली नाही. प्यायली असेल तर मला का नाही सांगितलं? नसेल प्यायली तर मागितलं कशाला? ती दोघंही गेली आणि मला हे आता कुणी सांगणार नाही. त्या पोरीला मी येडी म्हटलं होतं. शेजारी दोन मोठी माणसं काय करत होती हे सगळ्या जन्मात ज्या पोरीला दिसलं नाही, ती मी.

"घेऊन जा," सुजाता म्हणाली, "पन सही करा. आबांचा नियम हाये." तिनं त्यांचंच पेन दिलं. मी आत्याच्या नावाखाली माझं नाव घातलं, तारीख घातली. का बसत्यात, याचं उत्तर मला दहाव्या वर्षीही येत होतं. मीच त्या अंगाला बसले होते, तिथून सांगायचं कसं, एवढंच येत नव्हतं. हे मी सुजाताला बोलले का मनात म्हटलं, आठवत नाही. बाटली पर्समध्ये होती, अर्धी भरलेली. मी म्हटलं, "सुजाता, जरा पाणी दे गं."

तिनं तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला, आणि पुस्तक स्वतःच्या पुढ्यात ओढून पानं मोजायला बसली.